६ बाय साडेसातच्या जागेत वॉक-इन वॉर्डरोब बसेल का?

घडीमोड | ४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, दिवाळीच्या आसपास ताबा मिळेल असं दिसतंय. नव्या फ्लॅटमध्ये मोठ्या बेडरूममधून बाथरूमकडे जाताना मध्ये ६ फूट रुंद आणि साडेसात फूट लांब अशी एक जागा आहे. नकाशावर तिथे नुसतं 'ड्रेसर' लिहिलंय. एका टोकाला बेडरूम, दुसऱ्या टोकाला बाथरूमचं दार, दोन्ही बाजूंना सलग भिंती. त्यातली एक बाहेरची, पश्चिमेकडची.

लग्नापासून आम्ही दोघं एका लोखंडी कपाटात संसार करतोय. माझ्या साड्यांखाली नवऱ्याच्या पँटी, त्याखाली फाइली, त्याखाली काय ते देव जाणे. त्यामुळे या जागेत वॉक-इन वॉर्डरोब करायचाच असं मी मनाशी पक्कं केलंय. इंटिरियरवाल्याने दोन्ही भिंतींना २ फूट खोल कपाटं दाखवली आहेत, ७ फूट उंच, शटरसकट. दर १६५० रुपये चौरस फूट. दोन्ही बाजू मिळून १०५ चौरस फूट, म्हणजे १,७३,२५० रुपये. आरसा, दिवे आणि जीएसटी वेगळा.

संगणकावरचं चित्र फार सुंदर दिसतंय, त्यात तीन साड्या आणि एक हॅट लटकलीय. हॅट आमच्याकडे कोणी घालत नाही. पैसे भरण्याआधी म्हटलं तुम्हाला विचारावं. कोणी केलंय का असं? पस्तावलंय का?

सुतारपक्षी | ४ जून, रात्री १०:५८

ताई, आधी वजाबाकी करा. ६ फूट म्हणजे ७२ इंच. दोन्ही बाजूंना २४-२४ गेले की मधे राहिले २४ इंच. त्यात १८ इंचाचं शटर उघडलं की तुम्हाला उभं राहायला जागाच नाही. समोरचं शटरही उघडं राहिलं असेल तर दोन्ही एकमेकांवर आपटणार. संगणकाच्या चित्रात हे कळत नाही, कारण तिथे कॅमेरा भिंतीच्या पलीकडे ठेवता येतो.

मधली वाट किमान ३० इंच हवी, ३६ असेल तर सुख. दोन्ही बाजूंना २४ इंच खोल कपाटं हवी असतील तर जागा किमान साडेसहा फूट रुंद लागते. तुमच्याकडे ती नाही.

पण दोन्ही बाजू सारख्या खोल कशाला हव्यात? हँगर १७ इंचांच्या आसपास असतो, त्यावर शर्टाच्या बाह्या धरल्या की आतून २२ इंच लागतात. म्हणून लटकवायची बाजू २४. घडीच्या कपड्यांना मात्र १४ इंच पुरतात, त्याहून खोल फळी केली तर मागच्या रांगेतले कपडे दिवाळीच्या साफसफाईतच भेटतात. एक बाजू २४, दुसरी १४, मधे ३४ इंच वाट. शटर दोन्हीकडे काढून टाका, खोलीचं दार हेच शटर.

(माझे वडील सुतार, मी इंटिरियरची कामं घेतो. तुमचं काम मागत नाहीये, मी नाशकात असतो.)

गणितमास्तर | ५ जून, सकाळी ७:२०

वरच्या हिशेबात अजून एक ओळ घालतो. ३४ इंच रुंद आणि ९० इंच लांब वाट म्हणजे साधारण २१ चौरस फूट. तुमच्या भागात नव्या बांधकामाचा दर १४ हजार धरला तरी ही नुसती चालायची जागा तीन लाखांची झाली. साधं कपाट बेडरूमला लावलं तर त्याच्यासमोर उभं राहायची जागा आणि बेडरूममध्ये फिरायची जागा एकच असते, वेगळी विकत घ्यावी लागत नाही. वॉक-इन म्हणजे कपड्यांसमोर उभं राहण्यासाठी गुळगुळीत फरशीचा खासगी रस्ता.

घडीमोड | ५ जून, सकाळी ९:०५

मास्तर, हिशेब बरोबर, पण बाथरूमला त्याच वाटेने जायचंय ना! कपाटं केली नाहीत तरी वाट लागणारच. (दोन्ही अर्थांनी.)

गणितमास्तर | ५ जून, सकाळी ९:३१

हा मुद्दा मान्य. वाट आधीच खर्चात पडली असेल तर करा. माझा आक्षेप वेगळी खोली अडवून वॉक-इन करणाऱ्यांना. आमच्या भाच्याने २ बीएचकेतली छोटी खोली कपड्यांना दिली, आणि आता त्याचे आईवडील आले की हॉलमध्ये झोपतात.

बाराखडी | ५ जून, सकाळी ११:४४

ड्रेसर आणि बेडरूमच्या मधली भिंत पाडून सगळं एक केलं तर? प्रशस्त वाटेल.

सुतारपक्षी | ५ जून, दुपारी १:१५

बाराखडी, थांबा! हल्ली बऱ्याच नव्या इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात, साइटवर त्याला मायवान म्हणतात. त्यात खोल्यांमधल्या बऱ्याचशा भिंतीसुद्धा काँक्रीटच्या आणि इमारतीचा भार पेलणाऱ्या असतात. विटेची भिंत समजून हातोडा घातला तर वरच्या मजल्यांचा प्रश्न येतो. स्ट्रक्चरल इंजिनियर आणि सोसायटी, दोघांच्या लेखी परवानगीशिवाय हातही लावू नये. याच भिंतींत विजेसाठी झिरीही मारता येत नाही, म्हणून ताई, दिव्यांचे आणि प्लगचे पॉइंट आत्ताच सांगून ठेवा. एक प्लग कमरेच्या उंचीवर हवाच, इस्त्रीसाठी किंवा वाफेच्या स्टीमरसाठी.

इनमीन | ५ जून, दुपारी ४:०२

माझ्याकडे ३ जीन्स, ८ शर्ट. एक खुंटी आणि एक फळी. प्रश्न संपला. कपडे कमी करा.

घडीमोड | ५ जून, रात्री ९:४९

इनमीन, तुमच्याकडे हळदीकुंकवाला जात नाहीत वाटतं. आज संध्याकाळी कपाट रिकामं करून पलंगावर सगळं मोजलं. साड्या ६१, पैकी जरीच्या भारी १४ (त्यात आजेसासूबाईंची नऊवारी पैठणी). कुर्ते ३८. लांब अनारकली वगैरे ७. नवऱ्याचे शर्ट २२, पँटी ११, ब्लेझर २, शेरवानी १ (एकदाच घातलेली, आता बटण लागत नाही). शाली ९. आणि हसू नका, ब्लाऊजपीस ४३. न शिवलेले. त्यात खण १६.

आजीची_पेटी | ५ जून, रात्री १०:०६

खणांसाठी वेगळा खण लागणार म्हणजे!

ते ४३ पुढच्या चैत्रात वाटून टाक गं. तुझ्याकडे आलेले माझ्याकडे, माझ्याकडचे तिच्याकडे. महाराष्ट्रातला अर्धा ब्लाऊजपीस आजवर शिंप्याकडे गेलेलाच नाही, नुसता घरोघर फिरतोय.

सुतारपक्षी | ६ जून, सकाळी ८:४०

मोजलंत हे फार चांगलं केलंत. दहातली आठ माणसं मोजत नाहीत आणि मग 'मिस्त्रीने कप्पे चुकवले' म्हणतात.

आता तुमच्या आकड्यांवर बोलू. २४ इंची बाजूला ९० इंच लांबी आहे. शर्ट किंवा कुर्ता पातळ हँगरवर साधारण एक इंच घेतो, ब्लेझर दोन-अडीच. दुहेरी रॉड घेतला, म्हणजे खालचा ४० इंचांवर आणि वरचा ८० वर, तर ५० इंच लांबीत शंभरेक नग बसतात. तुमचे शर्ट, पँटी, कुर्ते मिळून ७१ झाले, ब्लेझर धरूनही जागा उरते. लांब कपड्यांना रॉडखाली ६०-६५ इंच मोकळे हवेत, तिथे दुहेरी रॉड चालत नाही, त्यासाठी २४ इंच लांबी सोडा. उरलेल्या १६ इंचांत ड्रॉवर. ड्रॉवर कमरेच्या वर नेऊ नका, आतलं दिसत नाही.

साड्या १४ इंची बाजूला. फळ्यांमधलं अंतर १० इंच, एका गठ्ठ्यात सहापेक्षा जास्त साड्या नकोत. १५ इंच अंतर ठेवलं की माणूस बारा रचतो आणि खालून तिसरी ओढली की सगळा डोलारा अंगावर.

एक विचारायचं राहिलं, तुमची उंची किती? ८० इंचांवरचा रॉड म्हणजे ६ फूट ८ इंच.

घडीमोड | ६ जून, सकाळी ९:१२

५ फूट १. वरचा रॉड नवऱ्याला.

सुतारपक्षी | ६ जून, सकाळी ९:२०

दांडा धरून खाली ओढायचा रॉड मिळतो, पण महाग असतो आणि रुंद जागेत डगमगतो. तुमच्याकडे गरज नाही.

आजीची_पेटी | ६ जून, सकाळी १०:३३

ओढायच्या रॉडवरून आठवलं. आमच्या वाईच्या घरात माजघरात छताला वलणी टांगलेली होती, सोवळ्याचे कपडे वाळत घालायला. आजी काठीने लुगडं वर चढवायची आणि काठीनेच उतरवायची, हात लागायचा नाही. भिंतीत फडताळ, दाराशी खुंट्या, आणि भारी लुगडी काळ्या पेटीत. कपडे किती? फडताळात मावतील तितके.

पैठणीबद्दल मात्र मनापासून सांगते, हँगरवर लटकवू नकोस. जरीच्या वजनाने कापड ओढलं जातं आणि घडीवर ताण येतो. जुन्या धुतलेल्या मलमलीत नाहीतर सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून आडवी ठेव. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, आत दमटपणा कोंडतो आणि जर काळी पडते. आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाल, नाहीतर घडीवरच विरते. तुझं नावच घडीमोड आहे, तुला काय सांगायचं.

मालवणी_पाऊस | ६ जून, दुपारी १२:१७

सगळे इंचांत अडकलेत, ओलीबद्दल कोणीच बोलेना. मी कुडाळचा, त्यामुळे मला दुसरं काही दिसतच नाही.

पाच वर्षांपूर्वी आम्ही हौसेने असंच केलं होतं, बाथरूमला लागून, खिडकी नाही, कपाटं भिंतीला चिकटवून. पहिल्याच श्रावणात पट्टे आणि चपलांवर हिरवी-पांढरी बुरशी. मग ब्लेझरच्या खांद्यांवर. शेवटी कपाट सुटं केलं तर मागची प्लाय हाताने कुस्करत होती, भिंतीतली ओल तिने शोषून घेतली होती. ७० हजार पाण्यात. शब्दशः.

तुमची पश्चिमेची भिंत पाऊस अंगावर घेणार. त्या भिंतीला कपाट चिकटवू नका, दीड-दोन इंच हवा खेळायला सोडा आणि कपाटाच्या पाठीला वर-खाली भोकं ठेवा. आणि शक्य असेल तर २४ इंची बाजू आतल्या भिंतीला घ्या, लटकलेले कपडे तिकडे.

सुतारपक्षी | ६ जून, दुपारी २:०५

शंभर टक्के. प्लायचंही सांगून टाकतो. सगळीकडे सगळ्यात महाग प्लाय लागत नाही. खालचा दीड फूट आणि बाथरूमकडचा बॉक्स आय.एस. ७१० (हा भारतीय मानकाचा क्रमांक) शिक्क्याच्या मरीन प्लायचा करा, बाकी आय.एस. ३०३ मधली बी.डब्ल्यू.आर., म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारी, चालेल. पार्टिकल बोर्ड त्या जागी नको, एकदा पाणी प्यायला की फुगलेला परत बसत नाही. आणि सगळ्यात खाली ४ इंच ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा ओटा घ्या. आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतात, कपाटं खालूनच कुजतात. शिक्का प्रत्येक शीटवर बघा, बिलावरचा नको. शीट कापायच्या आधी साइटवर जा.

ओलीसुकी | ६ जून, दुपारी ३:२८

मी वातानुकूलनाच्या कामात आहे, त्यामुळे थोडं हवेचं. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू असतो तेव्हा आतली हवा बाहेर फेकली जाते आणि तिची जागा घ्यायला दाराच्या फटीतून ड्रेसरमधली हवा बाथरूममध्ये ओढली जाते. म्हणजे वाफ कपड्यांकडे येतच नाही, उलट कपड्यांमधली हवा हलते. पण त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. बाथरूमचं दार बंद हवं, त्याच्या खाली अर्धा-पाऊण इंच फट हवी, आणि पंखा आंघोळ संपल्यावरही १५-२० मिनिटं चालायला हवा. आपण काय करतो? बाहेर पडताना पंखा बंद करतो आणि दार सताड उघडतो, 'वाळू दे' म्हणून. सगळी वाफ साड्यांवर. टायमरचा स्विच लावा, फार महाग नसतो.

ड्रेसरच्या बेडरूमकडच्या दाराला खाली जाळी किंवा झडपा ठेवा, म्हणजे ओढायला हवा मिळेल. पुण्यात एवढं पुरावं. कुडाळला डीह्युमिडिफायरशिवाय (हवेतली ओल काढणारं यंत्र) पर्याय नाही.

मालवणी_पाऊस | ६ जून, दुपारी ३:५०

घेतला आता. जुलैत रोज बादलीभर पाणी निघतं, बघून घाबरायला होतं.

पैलतीर | ६ जून, संध्याकाळी ६:४१

न्यू जर्सीहून. इकडे भाड्याच्या अपार्टमेंटमध्येही वॉक-इन क्लोजेट असतं, त्यामुळे कौतुक लवकर संपतं. माझे दोन धडे. पहिला, तारांच्या फळ्या घेऊ नका. हवा खेळते म्हणून लोक घेतात, पण सिल्कच्या साडीवर तारांचे वळ उमटतात. मी शेवटी प्रत्येक फळीवर पुठ्ठा कापून टाकला. दुसरा, दिवा. पिवळ्या दिव्याखाली मला काळा आणि गडद निळा रंग ओळखू येईना, मंडळाच्या गणपतीला दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून गेलो. इथल्या वीज नियमांत क्लोजेटमध्ये उघडा तप्त बल्ब लावायला मनाईच आहे, कपडा टेकला तर पेट घेतो म्हणून. तुम्ही एलईडी पट्टीच लावणार, तर ४००० केल्विनच्या आसपासची (फार पिवळी नाही, फार निळी नाही) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर असलेली मागा. पट्टी फळीच्या पुढच्या कडेला, आत तोंड करून. छताला मधोमध एकच दिवा लावला तर तुमची स्वतःचीच सावली कपड्यांवर पडते.

वास्तुपुरुष_नव्हे | ६ जून, संध्याकाळी ७:१५

आरसा कुठल्या दिशेला?

सुतारपक्षी | ६ जून, संध्याकाळी ७:१९

जिथे माणूस ३-४ फूट मागे सरकू शकेल त्या दिशेला. ३४ इंची वाटेत समोरासमोर नको, बेडरूमकडच्या दाराच्या पाठीवर लावा.

शंखपुष्पी | ६ जून, रात्री ८:३७

डांबरगोळ्यांचं कोणी काही बोललं नाही म्हणून लिहिते. जरीला त्या टेकवू नका हे तर आहेच, पण छोट्या बंद जागेत, जिथे आपण रोज उभे राहून कपडे बदलतो, तिथे त्या मुळात नकोतच. नॅफ्थॅलिनची वाफ आपण श्वासावाटे घेतो. घरात तान्हं बाळ असेल तर विशेष काळजी घ्या, जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ वाढते. डांबरगोळ्यांत ठेवलेली जुनी झबली-दुपटी थेट बाळाला घालणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. मी बालरोगतज्ज्ञ आहे, अशी बाळं पाहिली आहेत.

आजीची_पेटी | ६ जून, रात्री ९:०२

हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. आमच्याकडे पेटीत वेखंडाचे तुकडे आणि सुकवलेला कडुलिंबाचा पाला असायचा, पुरचुंडी बांधून. कसर लागली तर लागायचीच, पण पाऊस संपला की नवरात्राच्या सुमारास सगळे कपडे बाहेर काढून त्यांना ऊन दाखवायची पद्धत होती, रेशमी कपडे मात्र सावलीत. कसर अंधारात आणि न हलवलेल्या कपड्यांत होते. हलवत राहा, एवढंच औषध.

घडीमोड | ७ जून, सकाळी ८:१०

काल रात्री हा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आणि पारोसे कुठे ठेवणार?"

म्हणजे एकदा घातलेले, धुवायला टाकण्याइतके मळके नसलेले. आमच्याकडे त्यांची जागा बेडरूममधली खुर्ची. त्या खुर्चीवर माणूस बसलेला मी तरी पाहिलेला नाही. सासूबाईंचं म्हणणं, धुतलेल्या कपड्यांत पारोसं कापड ठेवायचं नाही. मी आधी सोवळं-ओवळं म्हणून सोडून दिलं, पण मालवणी पावसाचं वाचल्यावर वाटलं, घामाचा ओला शर्ट पुन्हा रॉडवर, इतर कपड्यांना चिकटून? त्या बरोबर बोलतायत.

सुतारपक्षी | ७ जून, सकाळी ८:५५

सासूबाईंना साष्टांग नमस्कार. वीस वर्षांत एकाही आर्किटेक्टच्या नकाशावर मी पारोशांची जागा पाहिलेली नाही. १४ इंची बाजूला बेडरूमच्या टोकाकडे १८ इंच लांबीचा कप्पा पूर्ण उंचीला मोकळा सोडा, फळी नको. पाठीला सहा खुंट्या, खाली धुण्याची वेताची टोपली. वाटेच्या तोंडाशी असल्याने वाराही लागेल. बाथरूमच्या टोकाकडे मात्र नको.

बाराखडी | ७ जून, सकाळी ११:२६

शटर नाही म्हटल्यावर धूळ? पुण्यात चारही बाजूंना बांधकामं.

सुतारपक्षी | ७ जून, दुपारी १२:४०

बसणार, खोटं कशाला सांगू. शटर काढल्याने दर ११०० वर आला तर १,१५,५०० होतील, म्हणजे ५७,७५० वाचतील. त्यातले थोडे खर्चून फक्त भारी साड्यांच्या तीन फळ्यांना काचेचं सरकतं दार करा. १४ इंचांपुढे जाडी वाढेल, म्हणून आत फळ्या १२ च्या. रोजचे कपडे हलतात, त्यांच्यावर धूळ टिकत नाही. वर्षातून एकदा निघणाऱ्यांनाच संरक्षण हवं. शेरवानीला कापडी पिशवी.

घडीमोड | १५ जून, रात्री ९:३३

आज साइटवर गेलो होतो. फरशीवर चिकटपट्टी लावून सुतारपक्षींनी सांगितलेले २४, ३४ आणि १४ इंच आखले. वॉचमन बघत उभा होता, त्याला वाटलं आम्ही भांडून वाटण्या करतोय.

मग सकाळी आठची तालीम केली. मी खाली वाकून ड्रॉवर उघडल्याचा अभिनय केला आणि नवरा मागून बाथरूमला निघाला. अडकला. दुसऱ्यांदा अडकला. ड्रॉवर पूर्ण बाहेर आला की वाटेत उरतात जेमतेम १६ इंच आणि त्यात वाकलेली मी. म्हणून ड्रॉवर बेडरूमच्या टोकाला आणले, म्हणजे मी ड्रेसरच्या बाहेर उभी राहून बाजूने उघडू शकते, वाट मोकळी राहते. लांब कपडे बाथरूमच्या टोकाला नकोत म्हणून मधे, आणि तिकडे दुहेरी रॉडवर नवऱ्याचे शर्ट, जे रोज वापरात असतात. २४ ची बाजू आतल्या भिंतीला. टायमरचा स्विच, झडपांचं दार, ग्रॅनाइटचा ओटा, सगळं इंटिरियरवाल्याला लिहून दिलं. खुंट्यांचा कप्पा बघून तो म्हणाला, "मॅडम, हे थ्रीडीमध्ये चांगलं नाही दिसणार."

ब्लाऊजपीस ४३ चे १९ केले. खण सगळे ठेवलेत.

आजीची_पेटी | १५ जून, रात्री ९:५८

छान झालं गं. फक्त एक, पाहुण्यांच्या गाद्या, चादरी, गोधड्या कुठे धरल्या आहेस?

घडीमोड | १५ जून, रात्री १०:०१

अरे देवा.

घडीमोड | १५ जून, रात्री १०:०४

गोधड्या अकरा. आत्ताच दिवाणाखाली वाकून मोजल्या. ७ फुटांच्या वर छतापर्यंत किती जागा उरते ते उद्या परत जाऊन मोजते. वॉचमनसाठी चहा घेऊन जाईन.